कालिंदी धुपकरचा माफीनामा

कालिंदी धुपकर पंचधारा निवासी शाळेत अकरावीला दाखल झाली तेव्हा सगळ्यांची तिच्याकडून एकच अपेक्षा होती. तिनं उपकृत असावं. शाळा वाराणसीच्या बाहेर, रिंगरोडच्याही पलीकडे. पोहायचा तलाव, घोडे, काचेच्या भिंतींची प्रयोगशाळा असा सगळा थाट. मुलं पाटण्याच्या डॉक्टरांची, लखनौच्या बिल्डरांची. त्यांत ही बालाजी घाटाजवळच्या आचाऱ्याची मुलगी, दहावीच्या गुणांवर शिष्यवृत्ती मिळवून आलेली. शिष्यवृत्तीची अट अशी की वसतिगृहातच राहायचं. घर चौदा किलोमीटरवर, पण घरी जायचं महिन्यातून एका रविवारी. पहिल्याच सभेत प्रिन्सिपलसाहेब तिचं नाव घेऊन म्हणाले, ही मुलगी भाग्यवान आहे.

"मार्क मी मिळवले," कालिंदी शेजारच्या मुलीला म्हणाली, "मग भाग्य मध्येच कुठून कडमडलं?"

हे ती कुजबुजली असती तर बरं झालं असतं. पण कुजबुजणं धुपकरांच्या घराण्यात नाही. शेजारची मुलगी रुचा. तिचे वडील नागपूरहून बदली होऊन आलेले बँक अधिकारी. अख्ख्या शाळेत मराठी बोलणाऱ्या या दोघीच, म्हणून त्यांना एक खोली मिळाली होती. रुचा घाबरून म्हणाली, "हळू बोल नं! ऐकतील नं सारे." सगळ्यांनी ऐकलंच होतं.

हा ताठा कुठून आला ते सांगायला हवं. कालिंदीचे वडील ढुंढिराज धुपकर. बालाजी घाटापासून अहिल्याबाई घाटापर्यंत मराठी माणसांच्या घरी मुंज असो, लग्न असो, श्राद्ध असो की महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचं ब्राह्मणभोजन, चुलीपाशी उभे राहणार ते ढुंढिराजच. स्वभाव विस्तवासारखा आणि हाताला चव अशी की लोक तो स्वभाव सहन करत. त्यांचा एक नियम होता. शेवटची पंगत वाढप्यांची, भांडी घासणाऱ्या बायकांची आणि आचाऱ्याची. त्या पंगतीला गोड वाढायचं ते यजमानानं स्वतः, आपल्या हातानं. एका यजमानानं दोनशे पानं उठल्यावर वामकुक्षी घेतली, त्याच्या घरी ढुंढिराज पुन्हा गेले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या काळी भांडीवाल्या बायकांना अंगणात वेगळं बसवत. ढुंढिराजांनी त्यांना उचलून ओसरीवर सगळ्यांच्या रांगेत आणलं. सोवळंओवळं मानणाऱ्या दोन घरांची कामं त्यापायी गेली. ढुंढिराज म्हणाले, गेली तर गेली, तिथलं तूपही भेसळीचंच होतं.

कालिंदी नऊ वर्षांची असल्यापासून बापाबरोबर वाढायला जायची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर कुठं पडायचं हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पण ढुंढिराजांच्या मनात मात्र एकच होतं. हिच्या हाताला झारा लागू नये. हिनं धुराबाहेर पडावं, इंजिनियर व्हावं. शाळेचं पत्र आलं त्या दिवशी या तिरसट माणसानं गल्लीत दारोदार जलेबी वाटली होती.

शाळेची मेस तीनशे मुलांची. आत सात बायका रोट्या लाटायच्या, भाज्या चिरायच्या, भांडी घासायच्या. पहाटे साडेपाचला येत, चारला जात. त्यांनी जेवायचं कुठं आणि कधी, हे कालिंदीनं दुसऱ्याच आठवड्यात पाहिलं. मागच्या हौदाजवळ, उकिडवं बसून, घरून आणलेल्या डब्यातलं. ज्यांना पहाटे डबा करणं जमत नसे त्या नुसतं पाणी पीत. मेसच्या अन्नाला हात लावायचा नाही, असा कंत्राटदाराचा नियम होता. उरलेलं अन्न तीन वाजता टेंपोत भरून डुक्करपालनवाल्याकडे जायचं.

"डुकरांना चालतं म्हणजे," कालिंदी रुचाला म्हणाली.

"नियम असेल नं काही," रुचा म्हणाली.

"नियम असेलच. मूर्खपणालाही नियम लागतोच."

जुलैत मेस कॅप्टन निवडायची वेळ आली. हे पद कुणालाच नको असतं. सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं, शेवटी जेवायचं, अन्न कमी पडलं तर शिव्या खायच्या. कालिंदीनं आपणहून हात वर केला. पहिल्याच दिवशी मुलांची शेवटची तुकडी उठल्यावर तिनं टेबलं पुसून घेतली, सात ताटं मांडली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "चाची, आइए. बैठिए आप लोग."

सातजणींत सगळ्यात वयस्क लीलाचाची. सोळा वर्षं याच मेसमध्ये, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ए बिटिया, हमार नौकरी खा जइबू का?"

"पहले आप खाइए," कालिंदी म्हणाली, "नौकरी बाद में देखेंगे."

त्या बसल्या. आधी बाकाच्या कडेला, उठायच्या तयारीत. कालिंदीनं गरम डाळ वाढली, भात वाढला, रोट्या वाढल्या, आणि ताटात काय संपलं आहे याच्याकडे नजर ठेवून उभी राहिली, जशी ती घरच्या पंगतीत उभी राहायची. आठवड्याभरानं त्या नीट टेकून बसायला लागल्या. महिन्याभरानं आणखी तीन-चार मुली वाढायला येऊ लागल्या, रुचासुद्धा. अडीचच्या सुमारास मेसकडे कुणी फिरकत नसे. कंत्राटदाराचा सुपरवायझर त्या वेळी झोपलेला असे. जुलै गेला, ऑगस्ट गेला, दसरा-दिवाळी झाली. रोज पंगत बसत होती.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कालिंदीला आपण काही बंड करतो आहोत असं मुळीच वाटत नव्हतं. जिनं रांधलं तिला जेवायला वाढायचं, याला परवानगी लागते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता, कारण मग तिनं ते लपवलं असतं.

नोव्हेंबरात संस्थापक दिन आला. केशर घातलेली खीर होणार होती. आता खीर म्हणजे गोड, आणि शेवटच्या पंगतीला गोड यजमानाच्या हातचं. वसतिगृहाची यजमानीण कोण? वॉर्डन निवेदिता मॅडम. तेव्हा कालिंदी स्वतःच्या पायांनी चालत त्यांच्या खोलीत गेली आणि रीतसर आमंत्रण देऊन आली.

"मॅम, शेवटच्या पंगतीला खीर तुमच्या हातची हवी," ती हिंदीत म्हणाली. "घरची मालकीण तुम्हीच."

"कुठली शेवटची पंगत?"

"लीलाचाची आणि बाकीच्यांची. आम्ही रोज बसवतो ना."

निवेदिता मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या, नुसत्या भित्र्या होत्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट प्रिन्सिपलसाहेबांकडे गेली होती आणि सुपरवायझरला जाग आली होती.

चौकशी बसली. चोरी, अनुशासनहीनता, असले शब्द फिरू लागले. कंत्राटदाराला लीलाचाची नकोच होती. गुडघ्यांमुळे हळू चालायची, वर उलट बोलायची. त्याला आयतं निमित्त सापडलं. एक कागद टाइप करून आला. त्यावर हिंदीत लिहिलं होतं की लीलानं माझ्याकडे जेवण मागितलं, तिच्या सांगण्यावरून मी हे केलं, मला पश्चात्ताप होतो, मी माफी मागते. खाली सहीची जागा. बाकीच्या मुलींनी आपापल्या कागदांवर सह्या केल्या. कालिंदीनं सांगितलं म्हणून आम्ही वाढलं, असं त्यांत होतं. रुचानं रडत रडत सही केली. म्हणजे सगळं येऊन थांबलं कालिंदीपाशी. तिनं लीलाचं नाव घेतलं की चाचीची नोकरी गेली. नाही घेतलं तर लीलाविरुद्ध कागदच नव्हता, आणि प्रिन्सिपलसाहेब कागदाशिवाय पाणीही न पिणारे.

कालिंदीनं कागद वाचला आणि परत सरकवला.

"मी साइन नाही करणार."

त्या दिवसापासून शाळेनं तिला शहाणं करायचं मनावर घेतलं. कॅप्टनपद गेलं. घरचा रविवार गेला. विज्ञान प्रदर्शनातून नाव गेलं. दर सोमवारी तिला ऑफिसात बोलावून तोच कागद पुढे ठेवला जायचा, दर सोमवारी ती तो परत सरकवायची. मेसचं अन्न कुणाला वाढायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा तिनं आपलं ताट घेतलं आणि मागच्या हौदाजवळ जाऊन बसली. बायका अडीचला येईपर्यंत ताट मांडीवर घेऊन थांबली आणि त्यांच्याबरोबर गार अन्न खाल्लं. विद्यार्थ्यानं कुठं बसून जेवायचं याचा नियम कुणी केला नव्हता. मग तोही केला गेला. तेव्हा ती ताट घेऊन मेसच्या मागच्या पायरीवर बसली, कारण पायरी मेसचाच भाग होती.

लीलाचाचीला चौकशी होईपर्यंत येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. पण ती येतच राहिली. पहाटे साडेपाचला फाटकाबाहेर येऊन बसायची, चारला उठून जायची. चौकीदार म्हणायचा, काकी, घरी जा. ती म्हणायची, माझी हजेरी मी लावते, तू तुझी लाव. सकाळच्या कवायतीला पोरं मैदानात उतरली की कालिंदीला फाटकाच्या गजांमागे तिची जांभळी शाल दिसायची.

कालिंदी घाबरली नव्हती असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. संक्रांतीला तिची आई गुळपोळ्या घेऊन तीन रिक्षा बदलून आली, आणि तिला फाटकातूनच परत पाठवलं. डबा ठेवून घेतला, भेट नाही. त्या सोमवारी कालिंदीनं पहिल्यांदा पेन उचललं. सही करावी, घरी जावं, आईच्या मांडीवर डोकं ठेवावं, बास झालं. मग तिची नजर पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. लीलाने मुझसे खाना माँगा. चाचीनं तिच्याकडे कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर एक वेळ सही केली असती, पण न मागणाऱ्या बाईला मागणारी कसं म्हणायचं? तिनं पेन ठेवलं. ते उचललं याचाच तिला राग आला.

शेवटी प्रिन्सिपलसाहेबांनी वडिलांना बोलावलं.

कालिंदीला शाळेची भीती नव्हती तेवढी या भेटीची होती. अण्णांनी जलेबी वाटली होती. अण्णांचं एकच मागणं होतं, आणि ते आपण पायदळी तुडवतो आहोत, असं तिला रात्रंदिवस वाटत होतं.

जानेवारीचं दाट धुकं. ढुंढिराज धोतर, काळा कोट, कानटोपी अशा थाटात ऑफिसात शिरले. कालिंदी कोपऱ्यात उभी. प्रिन्सिपलसाहेब अदबीनं हिंदीत बोलले. मुलगी हुशार आहे, धुपकरजी, एका सहीचा प्रश्न आहे. सही नाही केली तर पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची शिफारस मला करता येणार नाही.

ढुंढिराजांनी चष्मा लावून कागद वाचला. सावकाश, दोनदा. मग म्हणाले, "साहब, माफ़ीनामा तो इसको लिखना पड़ेगा."

प्रिन्सिपलसाहेबांचा चेहरा सैलावला. दोन महिने ती सगळ्या शाळेला पुरून उरली होती, पण बापाला ती पुरणार नव्हती.

"कालिंदे, इकडे ये," ढुंढिराज मराठीत म्हणाले. "किती बायका बसवायचीस?"

"सात."

"काय वाढायचीस?"

"डाळ, भात, रोट्या. भाजी असली तर भाजी."

"असली तर म्हणजे?"

"कधी कधी संपायची ना, अण्णा. तीनशे पोरं."

"सातजणी शेवटी बसणार, हे तुला सकाळी ठाऊक नसायचं?"

"असायचं."

"मग त्यांची भाजी आधी काढून का नाही ठेवलीस?"

ढुंढिराजांचा आवाज चढला. "शेवटची पंगत म्हणजे खरवडीची पंगत नव्हे! पहिलं पान मांडायच्या आधी शेवटच्या पानांचं काढून झाकून ठेवायचं असतं. तुझ्यादेखत मी रोज काढतो. आणि आचाऱ्याची लेक तू, उरलंसुरलं वाढून पुण्य केलं म्हणतेस? लाज वाटली पाहिजे. माफी माग त्या बाईची."

"क्या कह रहे हैं आप?" प्रिन्सिपलसाहेबांनी विचारलं.

"कोरा काग़ज़ दीजिए, साहब. दो."

कालिंदी टेबलाशी बसली आणि तिनं हिंदीतच लिहिलं. ते साधारण असं होतं: 'लीलाचाची, मी, कालिंदी ढुंढिराज धुपकर, जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत तुम्हा सातजणींना माझ्या मनानं जेवायला बसवलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, तुम्ही तर नाहीच. पण बसवलं आणि तुमच्या वाटणीचं आधी काढून ठेवलं नाही. उरलं ते वाढलं. कितीतरी वेळा तुम्हाला भाजी मिळाली नाही. ही चूक माझी. मला माफ करा.' खाली सही, तारीख. दुसऱ्या कागदावर पुन्हा तेच.

लिहिताना तिला रडू आलं, आणि या वेळी ते भीतीचं नव्हतं. अण्णा बरोबर होते. तिनं खरंच खरवड वाढली होती.

प्रिन्सिपलसाहेबांनी वाचलं. "हा तो माफीनामा नाही," ते हिंदीत म्हणाले.

"साहब, ग़लती जितनी है, माफ़ी उतनी ही होगी," ढुंढिराज म्हणाले. "एक आप फ़ाइल में लगाइए."

"शिष्यवृत्ती जाईल, धुपकरजी."

ढुंढिराजांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. त्यांना लागलं होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "जाईल," ते म्हणाले. "बारावी शहरातही होते."

बाहेर व्हरांड्यात कालिंदी म्हणाली, "अण्णा, पण तुमची इच्छा..."

"माझ्या इच्छेचं मी बघतो. तू भाजीचं बघ." आणि कानटोपी ओढून ते धुक्यात चालू लागले.

फायलीत आता एका विद्यार्थिनीचा सहीनिशी जबाब होता की लीलानं काही मागितलं नव्हतं. कंत्राटदारानं आदळआपट केली, पण कागदासमोर प्रिन्सिपलसाहेबांचं काही चालेना. आठवड्यानं लीलाचाची कामावर परत आली, फक्त रोट्यांवरून भांड्यांवर. कालिंदी दुसरा कागद घेऊन हौदाजवळ गेली. चाचीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. बाकीच्या बायकांनी नळ बंद केले. चाची कोपरापर्यंत राखेत बुडालेले हात तसेच ठेवून ऐकत राहिली.

"एक बेर अउर पढ़ऽ."

कालिंदीनं पुन्हा वाचलं. साठीच्या त्या बाईची आयुष्यात कुणी कशाबद्दल माफी मागितली नव्हती, आणि आता कुणी मागते आहे तर ती अशी सहजासहजी देणार नव्हती.

"माफी ना देब," चाची म्हणाली. "पहिले तरकारी निकाल के देखावऽ. तब सोचब."

दुसऱ्या दिवशी पहिली घंटा व्हायच्या आधी कालिंदी स्वयंपाकघरात शिरली. ती कॅप्टन नव्हती, तिला तिथं यायचा अधिकार नव्हता. तिनं झाकणाचं एक पातेलं घेतलं आणि फ्लॉवर-बटाट्याच्या कढईतून भाजी काढायला लागली. सुपरवायझर धावत आला.

"ए! किसके ऑर्डर से?"

"मेरे," कालिंदी म्हणाली. हातातला डाव थांबला नाही. सातजणींपुरती भाजी झाली तेव्हा तिनं झाकण लावलं. "लिख लीजिए. कालिंदी धुपकर. ग्यारहवीं."

तो ऑफिसात गेला आणि जरा वेळानं मोकळ्या हातानं परत आला. साहेबांना बहुधा फायलीला आणखी माफीनामे लावायची हौस उरली नव्हती. रुचा दारात उभी होती. ती आत आली आणि ताटं पुसायला लागली. अडीचला सातजणी येऊन बाकांवर बसल्या. कालिंदीनं आधी भाजी वाढली, भरपूर, मग डाळ, मग भात. लीलाचाचीनं रोटीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"नमक कम बा," ती म्हणाली.

कालिंदी मीठ आणायला उठली.